मर्सराइज : पारा, चाटी की कुणी साहेब?

क्रोशावाली
नमस्कार मंडळी. प्रश्न दोऱ्याचा आहे, पण घरात भांडण लागलंय ते शब्दावरून.

मी क्रोशाची तोरणं, बटवे, बाळांची टोपरी करून विकते. सुती दोरा दोन तऱ्हेचा मिळतो. एक साधा आणि एक 'मर्सराइज्ड' लिहिलेला. दुसरा महाग, पण चमकतो, हाताला गुळगुळीत लागतो आणि रंग खुलून दिसतो. मला तोच आवडतो. आता सासूबाईंच्या भिशीतल्या एका काकूंनी सगळीकडे सांगून ठेवलंय की मर्सराइज म्हणजे मर्क्युरी लावलेलं, त्यात पारा असतो, बाळाच्या डोक्याला लावू नका. टोपऱ्यांच्या ऑर्डरी तिथंच थांबल्या. दीर म्हणतात, हा शब्द 'मर्चंट'वरून आला, म्हणजे व्यापारी दर्जाचं सूत. नवरा म्हणतो, मर्सर नावाचा कुणीतरी साहेब होता.

तर हे इंग्रजी क्रियापद आलं कुठून आणि सुताला नेमकं करतात काय? हे सोलापुरात नाही विचारायचं तर कुठं विचारायचं?

कडकभाकरी
मर्सराइज आणि मेस्मराइज एकच. दोरा बघून बाई भुलली की दुकानदार भाव वाढवतो.

पूर्वभागवाला
ताई, पारा-बिरा काय नसतंय. कॉस्टिक सोडा असतंय. सुताच्या लड्या मशीनच्या दोन रोलरवर चढवतेत, ताणतेत अन् थंड कॉस्टिकच्या पाण्यात फिरवतेत. मिनिटभराचं काम. त्या टायमाला लडी आखडायला बघती, पण रोलर तिला सोडत नाही. मग ताण तसाच ठेवून पाणी मारायचं, कॉस्टिक निघालं की ताण सोडायचा. शेवटाला हलकं ॲसिड, परत पाणी. बास. काकूंना सांगा, नीट धुतल्यावर सोडा ऱ्हात नाही, अन् पारा तर आधीपासनंच नव्हता.

वडील डायिंगला, म्हणजे सूत रंगवायच्या कामाला होते, मी बी तेच करायलोय. वडलांच्या तोंडी 'मर्साइज'. शब्द कुणाचा ते त्यांना कुणी सांगितलं नाही, त्यांनी बी विचारलं नाही. पण लडी नुसती हातात धरून सांगायचे, मर्साइज हाय का नाय.

खडूफळा
माझी सारी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेली, म्हणून थोडं बोलतो.

क्रोशावाली ताईंच्या दिरांचं म्हणणं टाकाऊ नाही. इंग्रजीत 'मर्सर' हा फार जुना शब्द आहे. अर्थ कापडाचा, विशेषतः रेशमी आणि उंची कापडाचा व्यापारी. मूळ लॅटिन 'मर्क्स', म्हणजे विकायचा माल. तिथून जुन्या फ्रेंचमध्ये 'मर्सिए' आणि तिथून इंग्रजीत मर्सर. मर्चंट, मार्केट, कॉमर्स ही सगळी त्याच घरची मंडळी. लंडनमध्ये मर्सर लोकांची कंपनी आहे, तिला १३९४ साली राजाची सनद मिळाली आणि शहरातल्या अशा सगळ्या व्यवसायसंघांत मानाचा पहिला नंबर आजही तिचाच. इंग्लंडात छपाई आणणारा कॅक्स्टन मूळचा मर्सरच.

तेव्हा सरळ अर्थ असा लागतो : सुताला मर्सरच्या दुकानात शोभेल असं करणे, म्हणजे रेशमाचं रूप देणे, म्हणजे मर्सराइज. त्यासाठी साहेब शोधत बसायची गरज मला तरी वाटत नाही.

चाटीगल्ली
खडूफळा सर, म्हणजे आम्ही मर्सर निघालो की! जुन्या मराठीत चाटी म्हणजे कापड विकणारा. आमच्या गल्लीचं नाव त्यावरनंच. गिऱ्हाईक विचारतं, "चाटी म्हणजे काय हो, चाटण्याशी काही संबंध?" आता सांगीन, चाटी म्हणजे लंडनचा मर्सर. लगेच भाव वाढवतो.

कडकभाकरी
भाव तुम्ही कारण नसतानाही वाढवताच.

शब्दखोर
खडूफळा सर, तुमची व्युत्पत्ती सुंदर आहे, पण ती मर्सर ह्या नामाची. क्रियापदाची नाही. ताईंच्या यजमानांना एक चहा पाजा, साहेब खरोखर होता.

जॉन मर्सर. जन्म १७९१, इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातलं ग्रेट हारवुड नावाचं गाव. घरची गरिबी, बाप लवकर गेला. नऊ-दहा वर्षांचा असताना पोरगं कांड्या भरायच्या, म्हणजे मागाच्या नळ्यांवर सूत गुंडाळायच्या कामाला लागलं. नंतर हातमागावर बसला. मग रंगाचा नाद लागला. शाळा अशी नाहीच. रसायनशास्त्राचं एक जुनं पॉकेटबुक हाती पडलं, त्यावर शिकला आणि पुढं कापडावर नक्षी छापणाऱ्या कारखान्यात रसायनवाला झाला.

१८४४ साली तो कॉस्टिक सोड्याचं दाट द्रावण सुती कापडातून गाळत होता. लक्ष द्रावणावर होतं. गाळून झाल्यावर फडक्याकडे बघितलं तर ते आखडलेलं, जाड झालेलं आणि काहीसं पारदर्शक दिसायला लागलेलं. दुसरा कुणी असता तर फडकं फेकून नवीन घेतलं असतं. ह्यानं तेच तपासायला घेतलं. कापड आधीपेक्षा मजबूत झालं होतं आणि कमी रंगात जास्त गडद रंगत होतं. १८५० ला पेटंट घेतलं, १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात नमुने मांडले, १८५२ ला रॉयल सोसायटीनं त्याला फेलो करून घेतलं. १८६६ ला वारला. क्रियापद त्याच्या आडनावाला 'आइज' जोडून झालेलं आहे.

पूर्वभागवाला
कांड्या भरायचा?? आमची आई सगळा जन्म कांड्या भरत होती की. तिला सांगतो आता, तुमच्यातला एक जण रॉयल सोसायटीत गेलता म्हणून.

जमिनी_बॉर्डरचा
पाश्चराइज (लुई पाश्चर), गॅल्व्हनाइज (गॅल्व्हानी), मेस्मराइज (व्हिएन्नाचा डॉक्टर मेस्मर) हे सगळे त्याच रांगेतले. कडकभाकरी, तुमचा विनोद निम्मा खरा निघाला. दोन्हीकडे आडनावच आहे.

खडूफळा
शब्दखोर, माहिती उत्तम. पण एक विचारतो. जॉनच्या घराण्याला मर्सर आडनाव पडलं कशावरून? पूर्वज कुणीतरी कापड विकत असणार म्हणूनच ना? मग शब्द फिरून मर्सर दुकानदाराकडेच आला. मधे एक माणूस उभा राहिला, इतकंच.

शब्दखोर
आडनाव धंद्यावरूनच पडलं, मान्य. पण क्रियापद करणाऱ्यांच्या मनात धंदा नव्हता, त्यांच्यापुढे माणूस होता. उद्या एखाद्या कुलकर्ण्यानं शोध लावला आणि लोक त्याला 'कुलकर्णाइज' म्हणायला लागले, तर त्याचा अर्थ गावचं दप्तर लिहिणे असा लावणार का?

खडूफळा
लावणार नाही. पण 'कुलकर्णी' शब्दाचा इतिहास सांगताना ते क्रियापद शेवटच्या ओळीत घेणार. माझा मुद्दा मी सोडत नाही.

बालेकर
चाटीगल्ली काका, मर्सरला हिंदी पट्ट्यातला नेमका शब्द बजाज. अरबी 'बझ्झाझ', म्हणजे कापड विकणारा. तेही आडनाव झालंच. म्हणजे साहेबाचा जन्म आपल्याकडे झाला असता तर दोऱ्याच्या रिळावर 'बजाजाइज्ड' लिहून आलं असतं.

कडकभाकरी
आणि बाळाच्या टोपऱ्याला किक मारावी लागली असती.

डिप्लोमा_टेक्स्टाईल
आता खरी गोष्ट ऐका, कारण वरच्या सगळ्यांनी चकाकी मर्सरच्या नावावर टाकली आहे आणि ती त्याची नाही.

मर्सरनं कापड सैल ठेवून कॉस्टिकमध्ये बुडवलं होतं. त्यानं ताकद वाढली, रंग जास्त चढायला लागला, पण कापड पाचव्या-चौथ्या हिश्शानं आखडायचं. गिरणीवाल्याला सांगून बघा, तुझं शंभर वार कापड घेतो, पंचाहत्तर-ऐंशी वार परत देतो, वर कॉस्टिकचा खर्चही तुझा. कोण तयार होणार? मर्सर असेपर्यंत ही रीत धंद्यात फारशी चाललीच नाही.

पुढं १८९० च्या सुमारास होरेस लो नावाच्या दुसऱ्या इंग्रज रसायनवाल्यानं एक गोष्ट बदलली. सूत कॉस्टिकमध्ये असताना ताणून धरायचं आणि धुऊन होईपर्यंत सोडायचं नाही. आखडणं थांबलं आणि वर सुताला रेशमाजवळ जाणारी चमक आली. पूर्वभागवाला दादांनी पहिल्याच प्रतिसादात जे रोलर सांगितले ते ह्या लो साहेबाचे. त्यानंतर जर्मनीत क्रेफेल्ड ह्या रेशमाच्या गावी ह्याचा धंदा उभा राहिला आणि मग सगळीकडे पसरला.

म्हणजे आज बाजारात 'मर्सराइज्ड' म्हटलं की गिऱ्हाईक जी चमक बघतं, ती मर्सरला कधी दिसलीच नव्हती. आपल्या सोलापूरची जुनी मिल १८७७ ला सुरू झाली तेव्हाही मर्सराइज होतं, पण चमकत नव्हतं.

क्रोशावाली
अरे देवा. मग लो साहेबाला काय मिळालं?

कडकभाकरी
लो प्रोफाइल.

शब्दखोर
डिप्लोमा, हा मुद्दा मला सगळ्यात आवडला. शब्द तोच राहिला आणि अर्थ गुपचूप सरकला. आधी 'मर्सराइज करणे' म्हणजे कॉस्टिकनं सूत फुगवणे. आता कोशात बघितलं तर चमक आणि मजबुती दोन्ही येतात, आणि बाजारात तर फक्त चमक. लोचं कर्तृत्व मर्सरच्या खात्यात जमा झालं. व्युत्पत्ती पाठ असून अर्थ कळत नाही तो असा.

पुण्यातला_सोलापुरी
हे सगळं ठीक, पण ताणल्यानं चमक का येते ते कुणी सांगेल का? मी आयटीवाला आहे, जपून सांगा.

डिप्लोमा_टेक्स्टाईल
कापसाचा तंतू बोंडात असतो तेव्हा ओला, गोल नळीसारखा असतो. बोंड फुटलं की वाळतो, आत दबतो आणि पीळ खातो, शेवग्याची शेंग वाळून वेडीवाकडी व्हावी तसा. अशा पृष्ठभागावर उजेड पडला की वाटेल तिकडे पसरतो, म्हणून साधं सूत मंद दिसतं. वीस-पंचवीस टक्के कॉस्टिकमध्ये तंतू फुगतो, पीळ सुटतो, जवळजवळ गोल होतो. त्याच वेळी ताणून धरलं तर पृष्ठभाग सरळ आणि गुळगुळीत बसतो, उजेड एका दिशेनं परत येतो. तीच चमक. वरून काही चोपडलेलं नसतं, त्यामुळे धुण्यानं ती उतरून जात नाही. आत सेल्युलोजची, म्हणजे तंतू ज्याचा बनलेला असतो त्या द्रव्याची रचनाच बदललेली असते. पुस्तकात ह्याला सेल्युलोज एकचं सेल्युलोज दोन होणं म्हणतात आणि धुऊन-वाळवून ते परत एक होत नाही.

रंग जास्त का चढतो? तंतू फुगल्यामुळे रंगाला आत शिरायला जागा वाढते.

पूर्वभागवाला
रंगाचं खरं हाय. एकाच भांड्यात दोन लड्या टाका, एक साधी एक मर्साइज. रंग तोच, टाइम तोच. मर्साइजवाली एक घर पुढं जाती. लाल, मरून, मोरपंखी ह्यात लगेच कळतंय.

ह्यावरनं एकदा मोठा घोळ झालता. एका पार्टीनं साड्यांसाठी सूत पाठवलं, सगळं मर्साइज म्हणून सांगितलं. आम्ही रंगवून दिलं. लडी सुटी असताना फरक डोळ्याला लागला नाही, कारण रंग गडद होता. तिकडं ताणा (उभे धागे) झाला, तो गुंडाळलेलं बीम मागावर चढलं, अन् वार-दोन वार विणल्यावर कापडात उभे पट्टे दिसायला लागले. मागवाला म्हणतोय डायिंगची चूक, पार्टी म्हणती डायिंगची चूक. वडलांनी कापडातनं दोन धागे सोडवले, बोटावर घेतले, म्हणले हे मर्साइज अन् हे साधं, तुमच्या गोणीतच भेसळ हाय. पार्टी ऐकंना. मग साध्या सुताच्या अन् मर्साइजच्या नव्या दोन लड्या त्यांच्यासमोर एका भांड्यात काढून दाखवल्या. गप झाले. पैसे मात्र अर्धेच दिले बे.

चाटीगल्ली
पैसे अर्धे देणारी पार्टी बहुतेक आमच्याकडंपण येते.

जमिनी_बॉर्डरचा
अवांतर : आडनावाचं क्रियापद होण्यात सगळ्यात जलद माणूस म्हणजे बायकॉट. कॅप्टन चार्ल्स बायकॉट, आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातला जमीनदाराचा एजंट. १८८० साली कुळांनी त्याचं काम सोडलं, दुकानदारानं माल दिला नाही, कुणी बोलेना. त्याच वर्षी वर्तमानपत्रांनी त्याच्या नावाचं क्रियापद करून टाकलं. मर्सर निदान काहीतरी शोधून अमर झाला, हा लोकांनी वाळीत टाकून.

आणि मजा बघा. आपल्याकडे विलायती कापडावर बायकॉट झाला, ते कापड यायचं मुख्यतः लँकेशायरचं. मर्सरच्या परगण्याचं. १९३० साली सोलापूरनं मार्शल लॉ बघितला, १९३१ च्या जानेवारीत चार हुतात्मे दिले, ते त्याच चळवळीच्या दिवसांत. त्या वेळच्या सोलापुरात ही दोन्ही आडनावं एकमेकांसमोर उभी होती म्हणायला हरकत नाही.

बालेकर
+१. प्रतिसाद आवडला.

पुण्यातला_सोलापुरी
अवांतरावर अवांतर : स्पेलिंगमध्ये शेवटी झेड की एस? आमच्या ऑफिसात झेड लिहिला की एक साहेब 'अमेरिकन' म्हणून लाल करतात.

खडूफळा
साहेबांना सांगा, ऑक्सफर्डचा कोश झेडच लिहितो. हा प्रत्यय मूळ ग्रीक 'इझाइन', लॅटिनमध्ये 'इझारे', फ्रेंचमध्ये आला तेव्हा त्याचा एस झाला. ऑक्सफर्डनं ग्रीक वळण धरलं, बाकी बऱ्याच ब्रिटिश छापखान्यांनी फ्रेंच. दोन्ही चालतात, फक्त एका लेखात एकच ठेवा. पण अॅडव्हर्टाइज, सरप्राइज, एक्सरसाइज ह्यांत हा प्रत्ययच नाही. तिथं झेड घातला तर मीही लाल करीन.

कडकभाकरी
सोलापुरात कुठल्याही शब्दाला आइज लागतो. पाव्हणा आला की त्याला शेंगाचटणी, कडक भाकरी, वर दही घालून शेंगाइज करतात. दोन दिवसांत आखडतो.

चाटीगल्ली
आणि गड्ड्याच्या यात्रेत पोरं खिसा रिकामाइज करतात.

शब्दखोर
आपल्याकडनं इंग्रजीत गेलेली क्रियापदंही आहेत की. 'लूट' तर तसाच्या तसा गेला. 'शॅम्पू' हा 'चाँपो'वरून, म्हणजे दाबा, चोळा. आधी त्याचा अर्थ अंग चोळून देणे असाच होता. शेख दीन महंमद नावाच्या बिहारी गृहस्थानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रायटनला वाफेच्या स्नानाचं आणि चंपीचं घर काढलं, थेट राजाचा चंपीवाला झाला. केसांचा फेस नंतर आला. इथंही मर्सराइजसारखाच अर्थ सरकलेला.

आणि कापडाची नावं तर विचारू नका. कॅलिको कालिकतचं, चिंट्झ आपली छीट, डंगरी मुंबईच्या डोंगरीची. सीअरसकर म्हणजे फारसी 'शीर-ओ-शक्कर', दूध-साखर, एक पट्टी गुळगुळीत एक खरखरीत म्हणून. मर्सर ज्या कारखान्यात होता त्याला इंग्रजीत 'कॅलिको प्रिंटिंग'च म्हणायचे. म्हणजे साहेबाच्या धंद्याचं नाव केरळातलं.

आजोबांची_पेटी
माझ्या लहानपणी शर्टाच्या कापडाच्या काठावर 'सॅन्फोराइज्ड' असा शिक्का असायचा. वडील तो शिक्का दिसला तरच कापड फाडायला सांगायचे. तो आणि हा मर्सराइज एकच का?

डिप्लोमा_टेक्स्टाईल
वेगळे. पण तोही माणूसच. सॅन्फर्ड क्लुएट, अमेरिकन. ह्याचं पहिलं नाव घेतलं, आडनाव नाही. त्याची रीत १९३० ची. कापड गिऱ्हाइकाकडे जाऊन आखडण्याआधी मशीनवरच दाबून आखडवून घ्यायचं, त्यात कॉस्टिक नाही. म्हणून शिक्का असलेला शर्ट पहिल्या धुण्यात तोकडा होत नसे. मर्सरची अडचण आखडण्याची होती आणि क्लुएटनं आखडवण्याचाच धंदा केला.

क्रोशावाली
मंडळी, धागा भरकटला तरी मजा येतेय, पण माझी टोपरी अडकून आहेत. दोन गोष्टी सांगा. एक, काकूंना पटेल असं काय सांगू? दोन, दुकानदार मर्सराइज्ड म्हणून साधंच गळ्यात मारत नाही हे घरी कसं ओळखू?

शब्दखोर
पहिल्याचं मी सांगतो. मर्क्युरी आणि मर्सर ह्यांचं आवाजात साम्य आहे म्हणून एवढं रामायण. काकूंना सांगा, ह्या रीतीत पारा कुठंच लागत नाही, फक्त त्या माणसाचं आडनाव तसं होतं. पाश्चराइज दुधात पाश्चर साहेब घातलेला नसतो. हे चटकन पटतं असा अनुभव आहे.

पूर्वभागवाला
दुसऱ्याचं मी. उजेडात दोन्ही दोरे शेजारी धरा. मर्साइजला केस कमी उठतेत अन् चमक सरळ दिसती. पण नुसत्या चमकंवर जाऊ नका, पॉलिस्टर बी चमकतंय. एक तुकडा जाळून बघा. सूत असंल तर कागद जळल्यावानी वास अन् राख, पॉलिस्टर असंल तर वितळून टणक गोळी. अन् शंकाच असंल तर साधा पांढरा अन् तुमचा पांढरा, दोन्हीचे तुकडे एकाच रंगात एकाच टायमाला काढा. वर सांगितलंय तसं.

डिप्लोमा_टेक्स्टाईल
लॅबमध्ये आयोडिनचं द्रावण वापरतात. दोन्ही नमुने त्यात बुडवायचे आणि मग पाण्यात धूत राहायचं. साध्या सुताचा निळा-काळा रंग लवकर जातो, मर्सराइज्डचा रेंगाळतो. घरी करायचं काम नाही हे, पण कॉलेजमधल्या पोरांना दाखवलं की आवडतं.

आणि कॉस्टिक आणून घरी मर्सराइज करून बघू असं कुणाच्या डोक्यात येत असेल तर नको. कातडं भाजतं, डोळ्यात गेलं तर डोळा जातो.

बालेकर
रिळावर २/६० असं काहीतरी असतं, ते काय?

चाटीगल्ली
काऊंट. साठ नंबरचे दोन धागे एकत्र पिळलेले. एका पौंडात ८४० वाराच्या जितक्या लड्या बसतात तो नंबर. साठ नंबर म्हणजे पौंडात साठ लड्या, ५०,४०० वार. नंबर जेवढा मोठा तेवढा धागा बारीक. चादरीला २/२० सारखं जाड चालतं, साडीला आणि भरतकामाला बारीक लागतं. ताई, टोपऱ्याला फार बारीक घेऊ नका, विणून विणून मान मोडेल.

पुण्यातला_सोलापुरी
मग आपल्या सोलापुरी चादरी आणि टॉवेल मर्सराइज्ड असतात का? जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय दोघांना, पण आईकडचा टॉवेल काही चमकत नाही.

पूर्वभागवाला
टॉवेल कशाला चमकायला पायजे? टॉवेलचं लूप ढिलं सोडून विणतेत. त्यात पीळ बी कमी ठेवतेत, म्हणजे पाणी पटकन ओढतंय. तिथं मर्साइजचा खर्च वाया. चादरीला बी बहुतेक साधंच सूत. भारी ऑर्डरीत, पडद्यात, टेबलक्लॉथमध्ये घालतेत कोण कोण. चमकनारा टॉवेल कुणी दाखवला तर आधी पुसून बघा, पाणी नुसतं पसरतंय का ते.

खडूफळा
शब्दखोर, जाता जाता एक. 'मर्सी' हा शब्दही लॅटिन 'मर्सेस'मधून आला आहे. मूळ अर्थ मोबदला, किंमत. तोही त्याच 'मर्क्स'च्या कुळातला. तेव्हा दया, बाजार आणि ताईंचा दोरा, तिन्ही एकाच दुकानातून निघालेले आहेत. साहेब मान्य केला तरी दुकान मी बंद करणार नाही.

शब्दखोर
सर, दुकान चालू ठेवा. मी फक्त पाटीवर जॉन लिहिणार.

क्रोशावाली
काकूंशी बोलले. पाश्चर साहेबाचं उदाहरण बरोबर बसलं. म्हणाल्या, "पारा नाही तर मग एवढा महाग का?" आता ह्याचं उत्तर चाटीगल्ली काकांनी द्यावं.

चाटीगल्ली
कॉस्टिक, लड्या ताणायचं मशीन, धुवायला ढीगभर पाणी, ॲसिड, वीज, आणि त्याआधी धाग्यावरचे केस ज्योतीवरून नेऊन जाळतात त्याचा वेगळा खर्च. दोऱ्यावर 'गॅस्ड मर्सराइज्ड' लिहिलेलं असेल तर ते जाळणं झालेलं असतं. काकूंना घेऊन या, साधा आणि मर्सराइज्ड दोन्ही कोन काढून ठेवतो, हात लावून बघू दे. डझनानं घेतलं तर भावाचं बघू.